उत्तर मिळाल्यानंतर

निराशा होण्यासाठी आधी काहीतरी येणे बाकी असावे लागते. ज्याच्याकडून आपल्याला काहीच येणे नव्हते, तो आपल्याला फार तर कंटाळा आणू शकतो; निराश करू शकत नाही. म्हणून एखादा चित्रपट पाहून बाहेर पडणारा माणूस 'निराशा झाली' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत एक दावा मांडत असतो. कथाकाराकडे माझे काही येणे होते आणि ते त्याने चुकते केले नाही, असे त्याचे म्हणणे असते. हा दावा कितपत खरा? कथाकार श्रोत्याचे नेमके काय देणे लागतो आणि श्रोत्याने काय मागू नये? हा प्रश्न आम्हाला केवळ करमणुकीचा वाटत नाही. तो अमानतीचा आणि इन्साफचा प्रश्न आहे.

उदाहरण आम्ही मुद्दाम दूरचे घेत आहोत. रिडली स्कॉट या ब्रिटिश दिग्दर्शकाचा 'एलियन' हा चित्रपट १९७९ साली आला. नोस्ट्रोमो नावाचे एक मालवाहू अंतराळयान, त्यावरचे सात जण आणि त्यांच्यात शिरलेला एक भयंकर जीव, एवढीच त्याची गोष्ट. एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराने त्या जीवाचे रूप घडवले होते. दिग्दर्शकाने त्याला पडद्यावर फार थोडा वेळ दाखवले आणि भीती मात्र चित्रपटभर पसरली. पण त्या चित्रपटातले सर्वांत गूढ दृश्य त्या जीवाचे नव्हतेच. एका ओसाड ठिकाणी पडलेल्या परक्या यानात माणसे शिरतात आणि त्यांना एका प्रचंड आसनावर बसलेला, आसनाशीच एकजीव होऊन दगडासारखा झालेला एक महाकाय चालक दिसतो. त्याच्या छातीची हाडे आतून बाहेर वाकलेली असतात. तो कोण, कुठला, कुठे निघाला होता, हे चित्रपट सांगत नाही. पाहणारे पुढे जातात, कथाही पुढे जाते. तो महाकाय चालक मात्र प्रेक्षकांच्या मनात बसून राहिला तो कायमचा.

त्या दृश्याची एक हकिकत ठाऊक असावी अशी आहे. तो चालक आणि ते आसन पडद्यावर आणखी भव्य दिसावे म्हणून स्कॉट यांनी आपल्याच लहान मुलांना अंतराळवीरांचे छोटे पोशाख घालून त्याच्यासमोर उभे केले होते. म्हणजे ती भव्यता निम्मी सुताराची होती आणि निम्मी पाहणाऱ्याच्या नजरेची. कथाकाराने दार किंचित उघडे ठेवले आणि आतला अंधार प्रेक्षकाने स्वतःच्या कल्पनेने भरला. अशा रीतीने त्या रहस्यात प्रेक्षकाचीही भागीदारी निर्माण झाली. पुढची तक्रार समजून घ्यायची, तर ही भागीदारी ध्यानात ठेवली पाहिजे.

मधल्या काळात १९८६, १९९२ आणि १९९७ साली वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी कथा पुढे नेली. तो चालक कोण, या प्रश्नाला त्यांपैकी कोणी हात घातला नाही. शेवटी २०१२ साली, तेहेतीस वर्षांनंतर, स्वतः स्कॉट परतले ते 'प्रोमिथियस' घेऊन. ज्याला इंग्रजी सिनेमावाले 'प्रीक्वेल' म्हणतात, म्हणजे मूळ कथेच्या आधीची कथा, पूर्वकथा, त्या जातीचा हा चित्रपट. २०९३ साली शास्त्रज्ञांची एक तुकडी मानवजातीच्या निर्मात्यांच्या शोधात एका दूरच्या उपग्रहावर जाते. डॉ. एलिझाबेथ शॉ ही श्रद्धावान ख्रिस्ती संशोधिका आणि डेव्हिड नावाचा माणसासारखा यंत्रपुरुष ही त्यातली मुख्य पात्रे. चित्रपटाने जगभरात सुमारे ४० कोटी डॉलर मिळवले, म्हणजे धंदा बुडाला नाही. दृश्यांची वाहवा झाली, डेव्हिडचे काम करणाऱ्या मायकेल फासबेंडर यांची झाली. तरीही वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या असंख्य प्रेक्षकांच्या तोंडी एकच शब्द राहिला: निराशा.

त्या निराशेचे पदर सोडवून पाहिले, तर तीन वेगळ्या तक्रारी हाती लागतात. पहिली तक्रार वागण्याची. परक्या ग्रहावर उतरलेले शास्त्रज्ञ हवा श्वास घेण्याजोगी आहे एवढे कळताच शिरस्त्राणे काढून टाकतात. जीवशास्त्रज्ञ समोर फणा काढलेल्या अनोळखी प्राण्याला गोंजारायला जातो. ज्याच्या उपकरणांनी सगळ्या भुयारांचा नकाशा काढला, तोच भूगर्भशास्त्रज्ञ भुयारात वाट चुकतो. एक अजस्र यान चाकासारखे घरंगळत येत असताना दोन बायका बाजूला होण्याऐवजी त्याच्याच वाटेत सरळ धावत राहतात. दुसरी तक्रार उत्तराची. तो गूढ महाकाय चालक म्हणजे केवळ एक पोशाख होता आणि आत निघाला गोरापान, केस नसलेला, धिप्पाड माणूस. तिसरी तक्रार नेमकी उलटी: आम्हाला कोणी घडवले आणि घडवून मग नष्ट का करायला निघाले, हा मोठा प्रश्न चित्रपटाने विचारला आणि उत्तर न देताच तो संपला. गंमत अशी, की एकच प्रेक्षक उत्तर का दिले म्हणून रागावतो आणि उत्तर का दिले नाही म्हणूनही रागावतो. याला हसून सोडून देणे सोपे आहे. आम्हाला ते योग्य वाटत नाही, कारण तिन्ही तक्रारींचे वजन सारखे नाही.

पहिली तक्रार आम्हाला पूर्णपणे न्याय्य वाटते. कथा ऐकणारा माणूस आपला विश्वास कथाकाराच्या हाती सोपवतो. जे खोटे आहे हे ठाऊक आहे, ते दोन तासांपुरते खरे मानायला तो तयार होतो. ही एक अमानत आहे. तिच्या बदल्यात त्याची मागणी फार थोडी असते: तू स्वतः जे सांगितलेस त्याला तू जाग. शास्त्रज्ञ म्हणालास, तर तो शास्त्रज्ञासारखा वागू दे. चुका करायला हरकत नाही; १९७९ च्या चित्रपटातही नियम मोडला जातो. बाहेर गेलेल्या साथीदाराच्या तोंडाला तो परका जीव चिकटलेला असतो आणि रिप्ली ही अधिकारी संसर्गाच्या नियमावर बोट ठेवून त्याला यानात घ्यायला नकार देते. दार उघडतो तो ॲश. का उघडतो, हे नंतर कळते: तो माणूस नसून यंत्र आहे आणि कंपनीचा गुप्त हुकूम पाळतो आहे. म्हणजे तिथे नियम मोडला, त्यामागे एक कारण होते आणि ते कारण कथेच्या पोटातच होते. 'प्रोमिथियस'मध्ये नियम मोडतात ते पुढचा भयप्रसंग घडावा म्हणून. आपली सोय पाहून कथाकाराने पात्रांची अक्कल काढून घेतली, हे प्रेक्षकाला कळते आणि आपल्या विश्वासाची किंमत ठेवली गेली नाही, असे त्याला वाटते. ही खयानत लहान असेल, पण ती खयानतच आहे.

दुसऱ्या तक्रारीकडे वळताना आम्हाला सूरह कहफची आठवण होते. कुठे धर्मग्रंथ आणि कुठे सिनेमा, हे आम्ही विसरलेलो नाही. तुलना दर्जाची नाही, माणसाच्या कुतूहलाची आहे. त्या सूरहमध्ये गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा येते. ते किती जण होते, यावर लोक वाद घालतात. कोणी तीन म्हणतात, कोणी पाच, कोणी सात, आणि दर वेळी त्यांचा कुत्रा वेगळा मोजतात. कुरआन तो आकडा लोकांच्या हाती देत नाही. अल्लाहलाच ठाऊक म्हणतो आणि त्यावरून वाद वाढवू नका असे सुचवतो. कथेचे सार आकड्यात नव्हते. पण त्याच सूरहमध्ये पुढे हजरत मूसा (अ.) आणि ज्यांना आपली परंपरा हजरत खिज्र म्हणते त्यांचा प्रवास येतो. सोबत चालायचे तर मी सांगेपर्यंत विचारायचे नाही, अशी अट असते. नावेला भोक पाडले जाते, एका मुलाचा जीव घेतला जातो, ज्या गावाने पाहुणचार नाकारला तिथली पडकी भिंत फुकट उभारून दिली जाते. मूसांना तिन्ही वेळा राहवत नाही. शेवटी उत्तरे मिळतात, सगळी मिळतात. मात्र ती मिळण्याआधी सोबत संपल्याचे जाहीर होते. उत्तर आणि निरोप एकाच क्षणी येतात.

म्हणजे एकाच सूरहमध्ये एक प्रश्न उत्तराविना ठेवला आहे आणि दुसऱ्याचे उत्तर दिले आहे. यातून 'प्रश्नच विचारू नका' असा धडा काढणे चुकीचे ठरेल. हजरत इब्राहीम (अ.) यांनी मेलेल्यांना तू जिवंत कसे करतोस ते दाखव, अशी विनंती केली होती, विश्वास आहे, पण मनाला स्वस्थता हवी, असे कारण त्यांनी दिले आणि त्यांना दाखवले गेले. प्रश्न हराम नाही. पण उत्तराचीही एक लायकी असते. नावेला भोक का पाडले, याचे उत्तर ऐकल्यावर ती घटना मोठी होते. पलीकडच्या जुलमी राजाची सावली तीत पडते, गरीब नावाड्यांची रोजी वाचलेली दिसते. 'प्रोमिथियस'मधले उत्तर ऐकल्यावर मूळची घटना लहान होते. दगड झालेला तो अगम्य महाकाय पोशाख उतरवून आपल्यासारखाच उभा राहतो. चित्रपटात तर त्याचा आनुवंशिक नमुनाही माणसाशी जुळतो. अनोळखी अफाटाच्या शोधात एवढ्या दूर जायचे आणि तिथे आपलाच चेहरा पाहायचा, याने मन खट्टू होणे साहजिक आहे. प्रेक्षकाने तेहेतीस वर्षे अंधारात जे जपले होते, त्यातली त्याची भागीदारी परस्पर रद्द झाली.

यावर चित्रपटाच्या चाहत्यांचे एक उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. ते म्हणतात, हा चित्रपटच निराशेचा आहे. त्यात एक प्रसंग येतो. शॉचा जोडीदार हॉलोवे याला निर्माते जिवंत सापडले नाहीत याचे दुःख होते. डेव्हिड त्याला विचारतो, माणसांनी मला का बनवले असेल? हॉलोवे सांगतो, बनवता येत होते म्हणून. त्यावर डेव्हिड शांतपणे विचारतो, की हेच उत्तर तुमच्या निर्मात्याने तुम्हाला दिले तर तुम्हाला कसे वाटेल? पुढे म्हातारा धनाढ्य वेलंड आपले आयुष्य वाढवून मागायला निर्मात्यासमोर उभा राहतो, आणि तो निर्माता एक शब्दही न बोलता डेव्हिडचे मुंडके उपटतो आणि वेलंडला ठार करतो. चाहत्यांचे म्हणणे, पात्रांची जी निराशा तीच प्रेक्षकांची. यात दिग्दर्शकाचे यशच आहे. आम्हाला हे अर्धे पटते. कल्पना खरोखर खोल आहे. पण उपाशी माणसाची गोष्ट सांगताना श्रोत्यालाही उपाशी ठेवले म्हणजे गोष्ट खरी झाली, असे होत नाही. निराशेची कथाही ऐकणाऱ्याला समृद्ध करून सोडू शकते, आणि डेव्हिडचे प्रसंग ते करतातही. बाकीच्या चित्रपटाच्या ढिलाईवर त्या प्रसंगांची चादर टाकता येणार नाही.

तिसरी तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही. माणसाला कोणी घडवले आणि का, याचे उत्तर दोन तासांच्या भयपटाने द्यावे, ही अपेक्षाच अस्थानी आहे. त्या चित्रपटातच याची जाणीव आहे. आपले निर्माते सापडले, आता गळ्यातला क्रूस काढून टाक, असे हॉलोवे शॉला सुचवतो, तेव्हा ती विचारते, मग त्यांना कोणी घडवले? हा प्रश्न आमच्या मदरशातल्या कोणत्याही तालिब-ए-इल्मला सुचला असता. जे घडवले गेले ते मखलूक. मखलूकाला मागे मखलूकच जोडत गेले तर साखळी लांबते, तिचे टोक हाती लागत नाही. खालिकचा शोध अंतराळयानाच्या वेगाने लागणारा नाही. गैबवर ईमान म्हणजे नेमके हेच, की काही दारे आपल्या बाजूने उघडत नाहीत हे शहाणपणाने मान्य करणे. सिनेमाकडे करमणूक मागावी, प्रामाणिकपणा मागावा, विचाराला चालना मागावी. वहीचे काम त्याच्यावर टाकू नये.

आणि तरीही पूर्वकथेची ओढ एवढी का असते? आमच्या मते तिच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: मूळ कळले की माणूस कळला. ही समजूत सिनेमापुरती असती, तर आम्ही एवढे पानभर लिहिले नसते. मराठी मुसलमानाला हा अनुभव रोजचा आहे. त्याला त्याचे लेखन, त्याचा धंदा, त्याची शेती यांवरून ओळखण्याआधी विचारले जाते: तुम्ही मूळचे कुठले? तुमचे पूर्वज कधी आणि का बदलले? उत्तर काहीही द्या, विचारणाऱ्याच्या मनात आमची पूर्वकथा आधीच लिहून झालेली असते, आणि बहुधा ती भयपटाच्या अंगाने लिहिलेली असते. एका ओळीच्या उगमात शेकडो वर्षांचे जगणे कोंबले जाते. कोकणातला खलाशी, मराठवाड्यातला विणकर, सोलापूरचा कामगार, पुण्यातली शिक्षिका, सगळे त्या एका ओळीत गडप होतात.

पण केवळ दुसऱ्यांकडे बोट दाखवणे इन्साफला धरून होणार नाही. आमच्या घरांतही शजरे जपले जातात. कोणाचा वंश अरबस्तानात पोहोचतो, कोणाचा इराणात, कोणाचा तुर्कस्तानात. अशराफ आणि अजलाफ हा भेद याच पूर्वकथांवर पोसला गेला, आणि लग्न जुळवताना आजही तो डोके वर काढतो. शजऱ्याच्या मुळाशी मोमीन, अत्तार, बागवान किंवा मच्छीमार निघाला तर कोणाला निराशा वाटावी, याइतकी लाजिरवाणी गोष्ट नाही. पैगंबरांनी (स.) आपल्या अखेरच्या हजच्या खुतब्यात अरबाला अरबेतरावर केवळ जन्माने श्रेष्ठत्व नाही, हे स्पष्ट सांगितल्यानंतरही आपण शजऱ्याची गुंडाळी उघडून बसतो.

उगमावरून लायकी ठरवण्याचा पहिला युक्तिवाद कोणी केला, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. आदमपुढे झुकण्याचा हुकूम झाला, तेव्हा इब्लीसने कारण दिले ते पूर्वकथेचे: मी आगीपासून घडलो, हा मातीपासून. त्याची माहिती चुकीची नव्हती. आदम मातीचाच होता. चूक होती ती या माहितीवरून निकाल काढण्यात. आदमची थोरवी त्याला शिकवल्या गेलेल्या नावांमध्ये होती, म्हणजे त्याच्या उगमात नव्हे, त्याला मिळालेल्या ज्ञानात. इब्लीसला मातीपलीकडचे दिसले नाही.

ही कसोटी घेऊन आपण पुन्हा त्या प्रेक्षकांकडे पाहू. त्यांच्या नाराजीचा पुढे काय परिणाम झाला? २०१७ साली 'एलियन: कव्हेनंट' आला. आपल्या निर्मात्यांना जाब विचारायला निघालेली शॉ मधल्या काळातच मेल्याचे कळले. तिचा प्रश्न तिच्याबरोबर पुरला गेला. प्रेक्षकांना हवा असलेला ओळखीचा जीव परत आणला आणि तो डेव्हिडनेच प्रयोग करून घडवला, असे दाखवले. पुष्कळांची पुन्हा निराशा झाली: ज्याला युगानुयुगांचे गूढ समजत होतो, तो एका यंत्राच्या अहंकाराची करणी निघाला. यात शिकण्यासारखे आहे. तक्रार दुखणे कुठे आहे ते सांगते. औषध कोणते ते तिने सांगावे, ही अपेक्षा धरू नये. ओरड ऐकून कथाकार आपला प्रश्न टाकून देतो, तेव्हा तो प्रेक्षकाचे ऐकत नाही. त्याला केवळ गप्प करतो.

प्रेक्षकाकडूनही काही देणे असते, ते इन्साफचे. याच स्कॉट यांनी २००५ साली 'किंगडम ऑफ हेवन' हा सलीबी युद्धांवरचा चित्रपट काढला होता. त्यात घसान मसूद यांनी उभा केलेला सलाहुद्दीन जेरुसलेम जिंकल्यावर खाली पडलेला क्रूस उचलून अदबीने जागेवर ठेवतो. बैरूतच्या चित्रपटगृहात या दृश्याला प्रेक्षकांनी दिलेली दाद पत्रकार रॉबर्ट फिस्क यांनी नोंदवली आहे. तो चित्रपट आधी तुटक वाटला होता. नंतर सुमारे ४५ मिनिटांनी लांब अशी दिग्दर्शकाची प्रत आली आणि अनेकांनी आपला निकाल बदलला. कापलेला भाग न पाहता दिलेला निकाल कायमचा मानायचा नसतो. एखाद्या कलाकृतीबद्दल एवढा सब्र आपण दाखवू शकलो, तर माणसांबद्दलही तो दाखवण्याची सवय लागेल.

एलियनची कथा अजून थांबलेली नाही. २०२४ साली 'एलियन: रोम्युलस' आला, २०२५ साली 'एलियन: अर्थ' ही मालिका आली. पूर्वकथा, मधल्या कथा, पुढच्या कथा येत राहतील. त्यांतल्या काही बऱ्या असतील, काही फसतील. पण आज कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी १९७९ चा तो चित्रपट प्रथमच पाहील, तेव्हा तो महाकाय चालक आपल्या आसनावर तसाच बसलेला दिसेल. नंतर सांगितलेली कोणतीही गोष्ट त्याला तिथून उठवू शकत नाही, जर पाहणाऱ्याने समोर जे आहे ते पाहायचे ठरवले तर. माणसांच्या बाबतीतही आम्ही एवढेच मागतो आहोत. आमचा उगम विचारा, त्याला हरकत नाही, आम्हीही विचारतो. फक्त उत्तर मिळाल्यानंतर समोर उभा असलेला माणूस पाहायचे विसरू नका.